मदत हवी आहे: 'आंबट कातडी' बरोबर आहे का? अर्जंट

निळी_शाई: उद्या सकाळी पानं छापखान्यात जातायत आणि मी एका तळटीपेवर अडकलेय. लेखकाने 'आंबट कातडी' लिहिलंय, संपादक म्हणतात असं काही नसतं, काढून टाक. कोणाला माहितीये का? प्लीज लवकर.

घरगुती_उपाय: कोरफडीचा गर लावा, रात्रभर ठेवा, आठ दिवसांत फरक पडतो.

कोशकिडा: कसली कातडी? शब्द कुठला, भाषा कुठली, काहीच दिलं नाहीये तुम्ही.

निळी_शाई: सॉरी, पेलाग्रा, आजाराचं नाव. इटालियन आहे.

कोशकिडा: मग लेखक बरोबर आहे. 'पेल्ले' म्हणजे त्वचा, 'आग्रो' म्हणजे आंबट, 'आग्रा' त्याचं स्त्रीलिंग. आंबटगोड चवीला तिकडे 'आग्रोदोल्चे' म्हणतात.

मिरजेची_माधवी: एवढं सरळ नाहीये. गाउटला, म्हणजे पायाचे सांधे सुजणाऱ्या आजाराला, पोडाग्रा म्हणतात, ते ग्रीक, 'पायाची पकड'. तसंच हे 'त्वचेची पकड' असणार, डॉक्टरांनी बनवलेलं.

कोशकिडा: डॉक्टरांनी नाही बनवलं हो. फ्रापोल्ली या इटालियन डॉक्टरचं पुस्तक मिलानमधे 1771 ला आलं, त्याच्या लॅटिन नावातच आहे की 'लोक ज्याला पेलाग्रा म्हणतात तो रोग'. म्हणजे शब्द आधीच गावात होता, मक्याच्या पिठाच्या पोलेंटावर दिवस काढणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी. ऊन लागेल तिथे, हाताच्या पाठीवर, गळ्याभोवती, कातडी काळपट, जाड, खरखरीत होऊन सोलायची, तिला ते 'आग्रा' म्हणायचे.

मिरजेची_माधवी: शब्द गावातला असेल, पण शेपूट पोडाग्रावरून घेतलं नसेल कशावरून? कोशांत दोन्ही शक्यता देतात.

हवापाणी: मलेरियाही इटालियनच, 'माल आरिया', खराब हवा.

जिज्ञासू: हा फक्त मक्याचा रोग नाही, 1960 च्या सुमारास हैदराबादला डॉ. गोपालन यांनी ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमधला पेलाग्रा अभ्यासला होता, ज्वारीत ल्यूसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं म्हणून होतो, असा त्यांचा कयास होता.

सोलापुरी_भाकरी: ज्वारीला उगाच बदनाम करू नका. माझी आजी जन्मभर भाकरीच खायची, ताटात डाळ, ताक, शेंगाचटणी असायची. नुसती भाकरी खाऊन दिवस काढायला लागले तर दोष ज्वारीचा की गरिबीचा?

जिज्ञासू: मी पण तेच म्हणतोय, 'जगणाऱ्या' लिहिलंय बघा.

निळी_शाई: असं लिहितेय: 'शब्दशः आंबट कातडी, म्हणजे खरखरीत त्वचा, काहींच्या मते शेवटचा भाग पोडाग्रासारखा ग्रीक.' माधवीताई, चालेल?

मिरजेची_माधवी: चालेल, 'काहींच्या मते' मात्र काढू देऊ नका.

निळी_शाई: नाही काढू देणार. फ्रापोल्लीचं पहिलं नाव काय?

कोशकिडा: फ्रान्चेस्को.