अनुभव धागा : सगळे मिळून अंदमानला

आमच्या मावस-मामे-आते भावंडांचा मोठा गोतावळा या हिवाळ्यात अंदमानला जाऊन आला. दहावी झालेल्या भाचीपासून सत्तरी ओलांडलेल्या मावशीपर्यंत सगळे होतो. आल्यापासून ओळखीचे लोक विचारताहेत, काय काय बघायचं? ती यादी कुठेही मिळेल. इतकी माणसं घेऊन बेटावर गेल्यावर काय होतं, कोणाला काय झेपतं, कशावरून कुरबुरी होतात, हे मात्र जाऊन आलेल्यांनीच सांगावं. म्हणून हा धागा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

सुरुवात मी करते. तिथे घड्याळ आपलंच असतं, सूर्य मात्र फार लवकर उगवतो आणि मावळतो. अंदमान 92-93 अंश रेखांशावर आहे, मुंबई 73 अंशांजवळ. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ एक तास वीस मिनिटांचा फरक. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि साडेपाचला अंधार पडू लागतो. त्यामुळे सकाळी दहाला आरामात आवरून निघणाऱ्या गटाच्या हाती दिवसच लागत नाही. आमच्याकडे निम्मे पहाटे उठणारे, निम्मे उशिरा. पहिल्या सकाळी सगळे सगळ्यांसाठी थांबले आणि चेहरे उतरले. त्या रात्री मावशीनेच तोडगा काढला : दिवसा ज्याला जे हवं ते त्याने करावं, रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांनी एकत्र. पहाटेवाले काळापत्थर किनाऱ्यावर सूर्योदय बघून आले, बाकीचे निवांत उठले, आणि रात्री प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी वेगळं होतं. माझ्या मते मोठ्या गटाला यापेक्षा चांगला नियम नाही.

नावांचं एक सांगते. हॅवलॉक आणि नील या बेटांची नावं 2018 पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत, पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. बोलण्यात जुनी नावं सर्रास ऐकू येतात. तिकिटावर नवं नाव दिसलं तर गोंधळू नका.

०००

आम्ही शाळेतल्या मैत्रिणी. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच नवरे-मुलं घरी ठेवून निघालो. एकीलाही पोहता येत नव्हतं, तरी एलिफंट बीचवर आम्ही सगळ्या पाण्यात उतरलो!

ज्या बायका ‘आपल्याला काय पोहता येतं’ म्हणून काठावर बसायचं ठरवून आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहिते. स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघायला, पोहावं लागत नाही. अंगात लाइफ जॅकेट असतं, हाताशी हवेची ट्यूब असते आणि गाइड आपल्याला ओढत नेतो. शिकायचं ते फक्त तोंडाने श्वास घेणं. ते कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, चेहरा बुडवून, सावकाश करा. घाई करणारा गाइड असेल तर त्याला स्पष्ट सांगा, आम्हाला वेळ हवा. मास्कच्या कडेखाली केसांची एक बट आली तरी पाणी शिरतं, म्हणून केस घट्ट मागे बांधा.

आमच्यातली एक जन्मभर साडीत वावरलेली. तिने पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला, आरशात बघितलं आणि म्हणाली, “छान दिसतेय की मी.” पाण्याखाली पोपटमासे प्रवाळ खरवडत होते. त्याचा कुरकुर आवाज चक्क ऐकू येतो. ते जे खातात त्याची वाळू होऊन बाहेर पडते, आणि किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत तीही असते, हे गाइडने सांगितलं. ही मैत्रीण वर आली ती “परत चला, परत चला” करतच. आता ती रोज तलावावर शिकायला जाते.

०००

ऑफिसच्या मित्रांबरोबर स्कूबा केलं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरलो, हॅवलॉकला. पोहणं न येणाऱ्यांना प्रशिक्षकाबरोबर जास्तीत जास्त 12 मीटरपर्यंत नेतात. दर थोड्या खोलीला नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची, म्हणजे कानावरचा दाब उतरतो. कान दुखला तर खाली जायचं नाही, खूण करून थांबायचं.

गटात जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं दोन गोष्टींबद्दल आहे. आधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, गर्भारपण, साधी सर्दीसुद्धा, जे असेल ते खरं लिहा. आमच्यातल्या एकाला सर्दी होती आणि चारचौघं त्याला “चल रे, काही होत नाही” म्हणत होते. प्रशिक्षिकेने ठाम नकार दिला, आणि तिचंच बरोबर होतं. नाक चोंदलं असताना कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. मित्राला पाण्यात ढकलणं ही मैत्री नव्हे. दुसरं, परतीच्या विमानाआधी अंतर ठेवा : एक डाइव्ह (बुडी) असेल तर किमान 12 तास, जास्त असतील तर 18. म्हणून स्कूबा शेवटच्या दिवशी नकोच.

०००

आम्ही कोकणातले, त्यामुळे निघायच्या आधी पंचांग बघितलं! नीलचा नैसर्गिक खडकांचा पूल ओहोटीलाच नीट गाठता येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप आत ओसरतं आणि खडकांतली डबकी उघडी पडतात. अष्टमीच्या भांगाला तितकं ओसरत नाही. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ हा आपला ठोकताळा मात्र आपल्या किनाऱ्याचा, तिथल्या वेळा वेगळ्या. आदल्या संध्याकाळी तिथल्या माणसाला विचारायचं. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून परवाची वेळ आज चालत नाही. पायात पकड असलेल्या चपला हव्यात. डबक्यातले तारामासे, समुद्रकाकड्या उचलू नका, उचलून दाखवणाऱ्या गाइडलाही ‘राहू दे’ म्हणा.

०००

वडील आणि त्यांचे फिरायला जाणारे मित्र, सगळे पंच्याहत्तरीच्या आसपास. मी सोबतीला. त्यांना समुद्रापेक्षा सेल्युलर जेल बघायचं होतं.

1896 ते 1906 या काळात बांधलेला हा तुरुंग. मधल्या मनोऱ्यापासून सात बाजूंना सात इमारती होत्या, आज तीन उरल्यात. प्रत्येक इमारतीची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे तोंड करून आहेत, म्हणजे समोरचा कैदी दिसूच नये. काकांपैकी एक स्थापत्य अभियंते. ते हे बघून बराच वेळ काही बोलले नाहीत. सावरकरांना 1911 मध्ये इथे आणलं. थोरले बंधू बाबाराव आधीपासून त्याच तुरुंगात होते. कोलूपाशी, म्हणजे तेलाच्या घाण्यापाशी, उभं राहून वडिलांनी वाचलं, रोज 30 पौंड तेल काढावं लागे, आणि मग संगमरवरावर कोरलेली बंगालची, पंजाबची, महाराष्ट्राची नावं एकेक करून मोठ्याने वाचली. बाकीचेही त्यांच्यामागे वाचू लागले.

विमानातून उतरून बोट पकडेपर्यंतच्या फटीत हे ठिकाण कोंबू नका. अर्धा दिवस याच्यासाठीच ठेवा. जिने बरेच आहेत, बसत बसत चढावं.

०००

आमच्या गटाची तिकिटं मी बघत होतो. बेटांमधल्या बोटींसाठी प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक एका कागदावर लिहून ठेवला की काम झटपट होतं. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी. बोट लागणाऱ्यांना मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसवा. रोख पैसे बरोबर हवेतच. वरखर्चासाठी एकच समाईक पाकीट केलं, रोज रात्री हिशेब सांगितला, कुणाच्या मनात काही राहिलं नाही.

०००

बाराटांगला जायचं की नाही यावर आमच्या गटात बरीच चर्चा झाली. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी आहे तिकडे, पण रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी एकत्र सोडतात, वाटेत थांबायला आणि जारवांचे फोटो काढायला बंदी आहे. बंदी पाळूनही गाडीतल्या सगळ्यांचे डोळे खिडकीबाहेर कोणाला शोधत असतात, हे आम्हाला सांगितलं गेलं. ते त्यांचं घर आहे. आम्ही गेलो नाही. तो दिवस वांडूरला घालवला आणि मगरींच्या पाट्या वाचून पाण्यापासून लांब राहिलो.

०००

मुलं बरोबर असतील तर आधीच सांगा : शंख, प्रवाळ काही आणायचं नाही. प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर सामान तपासतात. आमच्या मुलांना कायद्यापेक्षा शंखात राहणारा खेकडा पटला. आपला शंख सोडून दुसऱ्या रिकाम्या शंखात शिरताना त्यांनी प्रत्यक्ष बघितला, आणि खिसे आपणहून रिकामे केले.

०००

आईचे गुडघे दुखतात, पण भजनी मंडळाबरोबर तिला जायचंच होतं. मी आणि एका काकूंची सून मदतीला गेलो. अवघड जातं ते बोटीत चढणं-उतरणं. धक्का आणि बोट यांची उंची सतत बदलते. खलाशी दोन्ही हात धरतात, पण त्यांना आधी सांगावं लागतं आणि सगळ्यांत शेवटी चढावं लागतं, म्हणजे मागून रेटा येत नाही. लहान होडीतून वाळूवर उतरायच्या जागा आम्ही टाळल्या. राधानगर किनाऱ्याला गाडी जवळ जाते, पुढे थोडं वाळूतून चालणं. तिथली वाळू घट्ट आणि सपाट आहे, आई काठी टेकत पाण्यापर्यंत गेली. मंडळाने तिथेच अभंग म्हटले, शेजारचं एक बंगाली कुटुंब येऊन बसलं आणि त्यांनीही दोन गाणी म्हटली. आता मंडळाला लक्षद्वीप बघायचंय. तिथे परवाना लागतो आणि जहाजातून होडीत उतरावं लागतं असं कळलंय. गुडघेदुखीवाल्यांना घेऊन कोणी गेलं असेल तर कृपया लिहा.