वर्षश्राद्ध झाले तरी मन सावरत नाही. स्वतःशी ममतेने वागायचे म्हणजे नेमके काय करायचे?

अबोली, फोंडा
माझा थोरला भाऊ गेल्या वर्षी चवथीच्या आधी हृदयविकाराने गेला. वर्षश्राद्ध झाले, आणि यंदा घरी पुन्हा गणपती येणार म्हणून मी माटोळीचे, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायच्या फळांच्या छताचे, सामान आणायला बाजारात गेले होते. कांगलां, कवंडळे, तोरिंगे मांडून बसलेल्या बायकांसमोर मला एकाएकी रडू कोसळले, कारण हे सामान रानातून निवडून आणणे आणि स्टुलावर उभे राहून एकेक फळ बांधणे हे आमच्याकडे दादाचेच काम होते. घरी आल्यावर दुःखापेक्षा स्वतःचाच राग अधिक आला. वहिनी नोकरी सांभाळते, मुलांचा अभ्यास घेते. मग बहिणीने इतके खचून जावे कशासाठी? स्वतःशी ममतेने वाग, असे सगळे सांगतात, पण ते स्वतःचे लाड करून घेणे नव्हे काय, आणि मनाला असा किती वेळ द्यायचा असतो?

मांडवीकाठ
अबोलीताई, भाऊ गेल्याचे दुःख आणि ते अजून ओसरत नाही म्हणून स्वतःला लावलेला बोल, अशी दोन ओझी तुम्ही वाहत आहात. पहिल्यावर कुणाकडेच इलाज नाही. दुसरे मात्र हलके करता येते, आणि आत्मकरुणेचा, म्हणजेच स्वतःशी ममतेने वागण्याचा, उपयोग तिथे होतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये तिची तीन अंगे मांडली: स्वतःला दूषण न देता आपुलकीने वागवणे, दुःख माणसाच्या जातीलाच आहे, आपल्या एकट्याला नाही, हे ओळखणे, आणि भावना न दाबता व तिच्यात वाहूनही न जाता तिच्याकडे पाहणे. बाजारात रडू आले तेव्हा "आज दादाची आठवण येते आहे, आणि ती येणारच" एवढे मनाशी म्हणून सावकाश श्वास घेतला तरी पुष्कळ झाले. वहिनी तिथे अशी रडली असती तर तुम्ही तिला काय सांगितले असते, ते एकदा कागदावर लिहा आणि तिच्या जागी स्वतःचे नाव घालून वाचा. सुरुवातीला ते खोटे वाटेल. म्हणून सोडून देऊ नका.

लाडांची शंका रास्त आहे. परंतु २०१२ मध्ये ब्राइन्स आणि चेन यांनी केलेल्या प्रयोगांपैकी एकात, कठीण चाचणीत कमी पडल्यावर ज्या विद्यार्थ्यांना स्वतःकडे ममतेने पाहण्यास सुचवले होते, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा अधिक वेळ अभ्यास केला. स्वतःला सतत झोडपणारा माणूस पुष्कळदा कामालाच हात लावेनासा होतो, हे माझ्याही पाहण्यात आहे.

पेडणेकर
वहिनीशी केलेली तुलना मला अधिक घातक वाटते. श्ट्रोबे आणि शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये असे मांडले की शोकातला माणूस गेलेल्याची ओढ आणि पुढचा संसार यांमध्ये सारखा ये-जा करीत असतो, आणि ही ये-जा निरोगीच असते. वहिनी तुम्हाला संसाराच्या बाजूला दिसते. रात्री दार लावल्यावर ती कुठल्या बाजूला असते, हे तुम्ही कधी तिला विचारले आहे काय? माटोळी यंदा लहान बांधली तरी चालेल. भाच्यांना हाताशी घ्या आणि दादा कुठले फळ कुठे बांधायचा ते त्यांना सांगा.

बांबोळीचा वाचक
वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, तरी धीर धरण्यालाही मर्यादा असते, हे सांगणे मला अगत्याचे वाटते. गेलेल्या माणसाची तीव्र ओढ जवळजवळ रोज राहिली आणि तिच्यामुळे रोजचे व्यवहार ठप्प झाले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांनंतर आणि अमेरिकन वर्गीकरणात प्रौढांसाठी बारा महिन्यांनंतर दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकविकाराचा विचार केला जातो. चवथीच्या बाजारात रडू येणे एवढ्यावरून तसे कुणी म्हणणार नाही; पण झोप, जेवण, काम हेही बिघडले असेल तर बांबोळीच्या मनोविकार संस्थेत दाखवावे, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे, तो फोन निःशुल्क आहे. मदत घ्यायला संकोच वाटत असेल तर एवढे ध्यानात घ्या की आपल्या गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी थोड्या बैठकांत बोलून त्यांना आराम दिल्याचे संशोधन २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. आणि जीवच नकोसा वाटू लागला, तर आधी चवथ होऊन जाऊ दे असे न म्हणता त्याच दिवशी फोन करा.