अनुभव धागा: गोव्यात काईटसर्फिंग शिकताना

मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात काईटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून समुद्रात सरकायचा खेळ) शिकलेल्यांनी इथे जरूर लिहा. सुरुवात मीच करते. पुण्याहून गेले ती थेट पाण्यात उतरायच्या तयारीने, पण आधी वाळूवर सराव. पतंग डोक्यावर, घड्याळातल्या बारावर धरला की शांत असतो. झपकन खाली आणला की अशी ओढ बसते की टाचा वाळूत रुततात! मग छातीपुढचं लाल हँडल. ते ढकललं की पतंगाची ताकद जाते. न बघता हात तिकडे जाईपर्यंत सरांनी तेच घोटून घेतलं, आणि माझ्या मते सगळ्या शिकवणीत हेच सगळ्यात मोलाचं.

*

मी मोरजीचाच. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून सुटतो, शिकाऊ माणसाला आत समुद्रात नेतो. त्यात पतंग काढूच नका. दुपारी जमीन तापली की वायव्येचा खारा वारा किनाऱ्याला तिरका लागतो, तो शिकायला उत्तम. मच्छीमार रापण (किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तिथून लांब राहा. पतंगाच्या दोऱ्या वीस मीटरच्या आसपास असतात, ताणलेली दोरी अंगाला लागली तर कापते. आणि मोरजीच्या किनाऱ्यावर टेंबाला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथल्या कुंपणाजवळ पतंग उतरवू नका, ही कळकळीची विनंती.

*

२०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये मार्सेयच्या समुद्रात हा खेळ पहिल्यांदाच आला. तो बघून लेकीने हट्ट धरला, तिच्याबरोबर मीही शिकले. पन्नाशीत जमतं, निर्धास्त या. मात्र फळीची घाई नको. आधी नुसतं पतंगाने अंग ओढून घ्यायला शिका. एक हात बारवर (पतंग वळवायच्या दांड्यावर), दुसरा पाण्यात ताठ रोवलेला, अंग कुशीवर. असं तिरकं तिरकं वारा येतो त्या बाजूला सरकता येतं. फळी सुटून मागे राहिली की तिच्यापर्यंत पोचायचा हाच मार्ग. मला हे जमलं त्या दुपारी समुद्राची भीती गेली. फळीवर उभी राहिले ती बरीच नंतर.

*

वजनदार मंडळींनी मोठा पतंग मागून घ्या, इथला वारा बहुतेक दिवस मध्यमच असतो. दुपारपर्यंत वाट बघायची तयारी ठेवा, एखादा दिवस वाऱ्याविना फुकटही जातो. त्यामुळे शनिवार-रविवारात उरकायचा बेत नको, चांगली आठवडाभराची रजा टाका. आणि एप्रिलच्या आत या, पुढे पावसाळ्यात समुद्र खवळतो.