छोट्या बेटावरचा मंत्री म्हणजे नुसता आराम?

कुणीतरी म्हणालं की दीड-दोन हजार वस्तीच्या बेटावर मंत्री होणं म्हणजे आपल्याकडं सरपंच होण्यासारखंच. अर्धं पटलं, पण निउएचे टोके तालागी बघा की. पॅसिफिकमधलं हे बेट, क्षेत्रफळ साधारण २६० चौ.किमी., १९७४ पासून स्वतःचं सरकार पण नागरिकत्व न्यूझीलंडचं, आणि तालागींच्या काळात अख्खं मंत्रिमंडळ चार जणांचं! एक प्रीमियर (म्हणजे सरकारचा प्रमुख) आणि तीन मंत्री, बास. म्हणजे एकेकाच्या गळ्यात ढीगभर खाती.

तालागी आधी उपप्रीमियर होते, मग २००८ ला प्रीमियर झाले आणि सलग १२ वर्षं टिकले, तेही पक्षबिक्ष नसताना, वीस जणांच्या सभागृहात माणसं सांभाळून. त्याच काळात ते पॅसिफिक आयलंड्स फोरमचे (तिथल्या देशांच्या संघटनेचे) अध्यक्ष होते आणि मे २००९ मधे फिजीला, म्हणजे निउएच्या कितीतरी पट मोठ्या देशाला, फोरममधून सस्पेंड केल्याची घोषणा यांनीच केली. सरपंचाला हे जमेल का सांगा :)

खरी डोकेदुखी वेगळीच, माणसंच उरत नाहीत, न्यूझीलंडचा पासपोर्ट हातात असल्यावर पोरं कशाला थांबतील, बेटापेक्षा कितीतरी जास्त निउएवाले तिकडं राहतात. त्यात २००४ च्या हेटा वादळात हॉस्पिटलसुद्धा गेलेलं.

आणि शेवट बघा, २०२० च्या निवडणुकीत प्रीमियर असतानाच त्यांची स्वतःची सीट गेली, दोनेक महिन्यात, जुलैमधे, ते वारलेपण. त्यांच्या जागी आले डाल्टन तागेलागी.