एका सिमवर चौघांचे इंटरनेट: दगडी घरात पोर्टेबल राऊटर कुठे ठेवावा?

जावळीकर:
नमस्कार. मेढ्याजवळच्या आमच्या घराच्या भिंती दगडी, जवळजवळ दोन हात रुंद आहेत. मुलीचा ऑनलाइन वर्ग, माझे कार्यालयीन काम आणि वडिलांचा टीव्ही हे सारे एकाच सिमवर चालावे, म्हणून बॅटरीवर चालणारा फोर-जी राऊटर घेऊन माजघरात ठेवला. मोबाईलवर वायफायच्या काड्या पूर्ण दिसतात, तरीही वर्गात शिक्षिकेचा आवाज तुटतो. राऊटर बदलावा का?

कराडकर:
घाई करू नका. त्या काड्या मोबाईल आणि राऊटर यांच्यामधल्या वायफायच्या आहेत. राऊटरला टॉवरची रेंज किती मिळते, हे त्यांवरून कळत नाही. राऊटरवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये उघडला, की बहुतेक राऊटरमध्ये ‘आरएसआरपी’ हा, टॉवरकडून येणाऱ्या लहरींची शक्ती सांगणारा आकडा दिसतो. तो उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला तर रेंज फारच क्षीण समजावी. पाटण खोऱ्यातल्या मामांच्या घरी कोनाड्यातला राऊटर पोटमाळ्याच्या खिडकीत नेला, तेव्हा हा आकडा उणे ११३ वरून उणे ९६ वर आला. दर १० अंकांना शक्ती दहापट होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाचे मोल कळेल. खाली वायफाय अपुरे पडल्यास राऊटरमध्ये वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडा, कारण ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत लवकर विरतात.

विटेकर:
जागेइतकाच डेटाचाही हिशेब पाहा. एचडी चित्रफीत तासाला ३ जीबीपर्यंत डेटा घेऊ शकते, आणि अनेक प्रीपेड योजनांत रोजची मर्यादा संपताच वेग ६४ केबीपीएसवर येतो, ज्यात वर्ग चालणे शक्यच नाही. टीव्हीवर चित्राचा दर्जा ४८० पी, म्हणजे एचडीहून कमी ठेवा आणि मोबाईलचे आपोआप होणारे अपडेट बंद करा. आणखी एक कळकळीची विनंती: राऊटर रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवू नका. माझ्या राऊटरची बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले होते.

जावळीकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. माजघरात आकडा उणे ११४ होता, माळ्यावरच्या पूर्वेच्या खिडकीत तो उणे ९८ झाला, आणि आज मुलीचा वर्ग अखंड पार पडला. आमच्याकडे वीज वरचेवर जात असल्याने बॅटरी लागतेच. म्हणून चार्जर रात्री काढून ठेवायचे ठरवले आहे. पावसाळ्यात मात्र त्या खिडकीतून झड आत येते, तेव्हा राऊटर आतल्या खुंटीवर टांगावा लागेल. तिथला आकडा उद्या पाहून इथे लिहितो.