इंग्लंडच्या खेड्यात राहिलेले कुणी आहेत का? तिथलं खाणं आणि माणसं, अनुभव सांगा

पाणकणीस
भाची कॉर्नवॉलला फिरायला गेली आहे. आज हातात पेस्टी (सारण भरून भाजलेली मोठी करंजीच) धरलेला तिचा फोटो आला आणि सगळं वर आलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पेन्झन्सजवळच्या एका खेड्यात राहायचो. एक चर्च, एक पब, एक दुकान, त्यातच पोस्ट. पहिला हिवाळाभर लोक 'मॉर्निंग' म्हणायचे आणि पुढे निघायचे. वाईट कुणीच वागलं नाही, पण घरात कुणी बोलावलंही नाही.

एकदा पोस्टातल्या बाईंनी विचारलं, तुझ्या पेस्टीत काय घालतेस? म्हटलं मला येत नाही, शिकवाल का? त्या रविवारी मी त्यांच्या ओट्यापाशी! गोमांस, बटाटा, कांदा, स्वीड (सलगमसारखा कंद), मीठ, मिरी, बस. सारण कच्चंच भरायचं. गाजराचं नाव काढायचं नाही. मुरड कडेला घालायची, डोक्यावर नाही. २०११ मध्ये कॉर्निश पेस्टीच्या नावाला युरोपात कायद्याचं संरक्षण मिळालं, त्यातही मुरड बाजूलाच हवी असं लिहिलंय. मी मांस खात नाही कळल्यावर त्यांनी माझ्यासाठी चीज-कांद्याची वेगळी केली. त्यावर कणकेचं माझं आद्याक्षर चिकटवलं. खाणीत जाणाऱ्यांच्या पेस्टीवर अशी अक्षरं घालायची पद्धत होती. त्या दिवसापासून गावात मला नावाने हाक मारू लागले.

तुम्हीही लिहा. दोन ओळी चालतील.

खडीसाखर_२
अक्षराचं वाचून डोळे भरले गं.
आम्ही पलीकडे डेव्हनला. स्कोनवर (चहाबरोबरचा छोटा गोडसर पाव) आधी क्रीम, वर जॅम. तुमच्याकडे आधी जॅम. यावरून चर्चच्या हॉलमध्ये सत्तरीच्या दोन आज्या तावातावाने बोलताना पाहिल्यात. तिथल्या साईसारख्या घट्ट क्लॉटेड क्रीममध्ये निदान ५५ टक्के स्निग्धांश असतो, सासूबाईंनी वाटीभर नुसतं खाल्लं होतं. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

वेशीबाहेर
यॉर्कशर डेल्स, म्हणजे उत्तरेकडची डोंगरखोरी. आमच्या शेजारीणबाई शेजारच्याच खोऱ्यातून लग्न होऊन आलेल्या, चाळीसेक वर्षं झालेली, तरी गाव त्यांना बाहेरचंच म्हणायचं. मग आपली काय कथा. पण बर्फात रस्ता बंद झाला तेव्हा दारात दूध-ब्रेड ठेवून गेलं ते हेच गाव. कुणी ठेवलं ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.
शाकाहारी मंडळी, यॉर्कशरमध्ये चिप्स (तळलेले बटाट्याचे जाड तुकडे) घेण्याआधी विचारा. जुनी दुकानं अजून गायीच्या चरबीत तळतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. लँकेशरला गेलात तर बटर पाय (पाय म्हणजे पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) मागा. बटाटा, कांदा, लोणी. कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नसत, त्यांची ही सोय. तरी वरच्या पारीत डुकराची चरबी नाही ना, ते विचारून घ्या.

मोहरीची_फोडणी
@वेशीबाहेर बापरे, हे माहीतच नव्हतं! मुलगा लीड्सला आहे, आत्ताच मेसेज टाकते.

ओली_वही
सगळे छानच लिहिताय म्हणून मीही लिहिते. आमचं तसं नव्हतं. पूर्वेकडे शेतीच्या भागात होतो. पबमध्ये शिरलो की बोलणं थांबायचं. मुलाच्या वर्गात वाढदिवस व्हायचे, त्याला बोलावणं नसायचं. केक करून नेला, दिवाळीचा फराळ नेला. थँक यू म्हणून डबा धुऊन परत. शेवटी लेस्टरला, आपली माणसं भरपूर असलेल्या शहरात आलो. सगळीकडे खाण्याने दारं उघडत नाहीत, हेही इथे नोंदलेलं असावं.

पाणकणीस
@ओली_वही बरं झालं लिहिलंस. वाढदिवसाचं फार लागलं. लेक आता कसा आहे?

ओली_वही
मजेत आहे गं. ढोल-ताशा पथकात वाजवतो.

जुनी_तारीख
डर्बीशरमधल्या ईम गावाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तिथे प्लेग आला. पुढच्या वर्षी पाद्री मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं, रोग शेजारी जाऊ नये म्हणून. बाहेरचे लोक शिवेवर अन्न ठेवत. गावकरी दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात पैसे ठेवत. तो दगड अजून आहे, त्यावर हात ठेवून आलोय. आमच्या पणजीकडचे १८९७ च्या प्लेगात पुणं सोडून माळावर झोपडीत राहिले होते, त्यांचीच आठवण आली. या गावांना मिटलेली म्हणताना मला ईम आठवतं आणि मी थोडा गप्प बसतो.

मोहरीची_फोडणी
काका, अंगावर काटा आला.

चुलीपाशी
मी स्टॅफर्डशरची! ओटकेक म्हणजे बिस्किट नव्हे हं, ओट्सची पातळ मऊ आंबोळीच. आत चीज घालून दुमडायची. भारतातून परतलेल्या सैनिकांनी चपाती आठवून ती काढली, अशी गोष्ट तिथे सांगतात. गोष्टच आहे ती, ओट्सच्या पोळ्या तिकडे फार जुन्या.
गावच्या प्रदर्शनाचं, तिथल्या केक-चटण्यांच्या स्पर्धांचं कुणीतरी लिहा ना. व्हिक्टोरिया स्पंज केकमध्ये फक्त रासबेरी जॅम, वर फक्त साखर भुरभुरायची, क्रीम दिसलं की बाद. केक गार करायच्या जाळीचे वळ उठले तरी गुण कापतात. मी चटणीच्या गटात कैरीचा मेथांबा ठेवला होता, दुसरा नंबर! परीक्षकबाई मेथीचं नाव लिहून घेऊन गेल्या.

खडीसाखर_२
आले परत. मेथांबा! कैरी कुठे मिळाली तिकडे?

चुलीपाशी
बर्मिंगहॅमहून आणली. गाडी काढून, खास.

वेशीबाहेर
आमच्याकडे ५ नोव्हेंबरला शेकोटी आणि पार्किन नावाचा केक. ओट्स, आलं, काळी ट्रीकल (साखरेचा घट्ट काळा पाक). ख्रिसमसला फ्रूटकेकबरोबर वेन्स्लीडेल चीज.

मोहरीची_फोडणी
@वेशीबाहेर पार्किन इथे साताऱ्यात करायचंय. ट्रीकल कुठून आणू?

वेशीबाहेर
काकवी घाला, मस्त होतं. ओट्सची भरड घ्या. आणि लगेच कापू नका. डब्यात तीन-चार दिवस ठेवा, मग ओलसर होतं.

मोहरीची_फोडणी
अंड्याशिवाय होईल का? सासरे खात नाहीत.

चुलीपाशी
दही घालून केलंय मी. थोडं भुसभुशीत होतं, पण होतं.