सत्तर रुपये आणि दोन चकत्या

"मोबाईलवर दिसतो, मग 'अशी ही बनवाबनवी'ची व्हीसीडी कशाला जपायची?" या प्रश्नावर थोडी भर घालतो.

आमच्याकडे ठाण्याच्या नौपाड्यात ती अजून आहे, राम मारुती रोडवर घेतलेली. दोन चकत्या, ऐन रंगात उठून बदलायच्या. दुसरीवर चरा आहे, त्यामुळे गाणं अडखळतं. आता आम्ही ते गुणगुणतोही तसंच!

पण १९८८चा हा चित्रपट टिकला तो नुसत्या साडीतल्या सचिन-लक्ष्यामुळे नाही. कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'ची, पण वसंत सबनीसांच्या संवादांनी ती पक्की मराठी झाली. इस्तंबूलच्या औषधाचा प्रसंग घ्या. औषध आणणारा मित्र वारला म्हणताच सुधीर जोशींच्या घरमालकाला त्यासाठी दिलेल्या आपल्या सत्तर रुपयांचं सुतक लागतं आणि अशोक सराफ साळसूद चेहऱ्याने ते सोसतात. (माझ्या मते हाच कळस. लक्ष्याच्या 'पार्वती'चे चाहते रागावतील, रागावू देत.)

शिवाय जागेची चणचण, जिच्यापायी चित्रपटातल्या पोरांना साडी नेसावी लागते, ती आजही आहेच. भाचा घोडबंदर रोडला भाड्याचं घर शोधतोय. परवा तिसऱ्यांदा "बॅचलर नको" ऐकून आमच्याकडे आला आणि फोन बाजूला ठेवून त्याने चकतीच लावली.